तीन नंबरचं सिलिंडर तापतंय, म्हणून काऊलिंगची तोंडं मोठी करावीत का?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या राजेंद्र नगरमधल्या एका गृहस्थांनी घरामागच्या शेडमध्ये दोन आसनी ॲल्युमिनियमचं विमान बांधलं. आता ते उडतं. इंजिन जुन्या सेसना १५२ मधून काढलेलं लायकमिंग ओ-२३५, काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं कवच, फायबरचं, नकाशावरून स्वतः बनवलेलं. हिवाळ्यात तक्रार नव्हती. एप्रिल लागला आणि चढताना तीन नंबरच्या सिलिंडरचं हेड २३८ अंश सेल्सिअसवर जायला लागलं. बाकीची तीन २१० ते २१५ मध्ये. तेल ११२ अंशांवर. काऊलिंगच्या समोरच्या, हवा आत घेणाऱ्या दोन तोंडांचं मिळून क्षेत्रफळ २६० चौरस सेंटिमीटर आहे, ते ३४० करायचा त्यांचा बेत आहे. जिगसॉ हातात आहे, 'काका, तुम्ही फक्त हो म्हणा' असं लिहिलंय.

नाही म्हणतो. निदान आज तरी नाही.

मी फ्लाइंग क्लबांत मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून उभा जन्म काढला आणि निवृत्तीनंतर चार-पाच हौशी लोकांच्या विमानांना हात लावला. त्यातल्या पहिल्याच विमानाला मी नेमकं हेच केलं होतं. इंजिन तापतंय ना, मग तोंड मोठं कर. एका संध्याकाळी कापून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी चढताना तापमान उतरायचं सोडून सहा अंशांनी वाढलं, वर वेगही तीन-चार नॉट गेला. ते कापलेलं परत भरायला तीन आठवडे लागले. मोरी तुंबली म्हणून कोणी नळ मोठा करत नाही, पण त्या दिवशी मी तेच केलं होतं.

तुमच्या आकड्यांकडे आधी नीट बघू या, कारण निम्मं उत्तर त्यांतच आहे. सिलिंडर हेडचं तापमान बाहेरच्या हवेच्या मागे जवळजवळ अंशाला अंश चालतं. तुम्ही लिहिलंय की जानेवारीत सकाळी १२ अंशांत तीन नंबर २१० च्या थोडं वर असायचं. एप्रिलमध्ये बाहेर ३८. फरक २६ अंशांचा. २१२ मध्ये २६ मिळवा, २३८ येतात. म्हणजे एप्रिलमध्ये काही बिघडलेलं नाही. विमान जानेवारीतही असंच होतं, थंडीनं झाकून ठेवलं होतं एवढंच. आणि मे अजून यायचा आहे.

दुसरी गोष्ट इंदूरची. नकाशे आणि किट बनतात ते थंड देशांत. जुन्या अमेरिकी नियमांत छोट्या विमानाच्या थंडाव्याची परीक्षा ज्या 'गरम दिवसा'वर घ्यायचे, तो समुद्रसपाटीला १०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३८ सेल्सिअस, आणि दर हजार फुटांना ३.६ फॅरनहाइट कमी. आपला विमानतळ साडेपाचशे मीटरच्या वर. त्या हिशेबानं इथला 'गरम दिवस' ३४ अंशांचा झाला! मे महिन्यात दुपारी ४२ असतं, म्हणजे त्यांच्या परीक्षेपेक्षा आठ अंश वर. शिवाय त्या वेळी हवा इतकी विरळ असते की इंजिनाला आणि पंखांना आपण १६०० मीटर उंचीवर असल्यासारखं वाटतं. तेव्हा 'नकाशाप्रमाणेच बनवलंय' हे खरं असलं तरी नकाशा काढणाऱ्यानं माळव्यातली दुपार पाहिलेली नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या चार सिलिंडरांपैकी तीन एका रांगेत आहेत आणि एकटं तीन नंबर २५ अंश वर आहे. तीन नंबर म्हणजे मागचं उजवं. समोरची तोंडं दोन असली तरी आत सिलिंडरांच्या वर हवेचा कप्पा एकच असतो, तिथला दाब चौघांना सारखाच मिळतो. तोंड लहान असतं तर चौघंही ओरडली असती. एकटं ओरडतंय याचा अर्थ दुखणं त्याच्या शेजारी कुठेतरी आहे.

आता, ते खरंच तापतंय का? हसू नका. क्लबमध्ये एकदा दोन दिवस इंजिन उघडून बसलो आणि शेवटी तापमान मोजणाऱ्या प्रोबची वायर सैल निघाली. एक आणि तीन नंबरचे प्रोब अदलाबदल करा. जास्तीचा आकडा प्रोबबरोबर पुढे आला तर काऊलिंगला दोष देऊ नका. स्पार्क प्लगखाली वॉशरसारखा बसणारा प्रोब आणि हेडमधल्या भोकात जाणारा प्रोब यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा चारही एकाच जातीचे असू द्या. मग चौघांना एकत्र उकळत्या पाण्यात सोडा. इंदूरच्या उंचीला पाणी १०० ला नाही, साधारण ९८ अंशांनाच उकळतं, हे लक्षात ठेवा, नाहीतर चांगला मीटर बिघडलेला ठरवाल.

त्याच बैठकीत मॅग्नेटोचं, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राचं, टायमिंग इंजिनाच्या डेटा प्लेटवर कोरलेल्या आकड्याशी ताडून घ्या. दुसऱ्याच्या आठवणीतल्या आकड्यावर विश्वास नको, ओ-२३५ च्या सगळ्या उपजातींचं टायमिंग एक नाही. तीन नंबरच्या इनटेक पाइपच्या गॅस्केटपाशी हवा चोरली जातेय का तेही बघा. तिथे निळसर डाग दिसतो. एकच सिलिंडर तापण्याचं ते जुनं कारण आहे.

हे सगळं ठीक निघालं तर बॅफलकडे, म्हणजे सिलिंडरांभोवती हवा वळवणाऱ्या पत्र्यांकडे, या. खरी मजा इथे आहे.

लायकमिंगची हेडं चारही सारखीच असतात, फक्त डाव्या बाजूला एका दिशेनं आणि उजव्या बाजूला उलट फिरवून बसवलेली. हेडच्या एका कडेला पंखे, म्हणजे ते बारीक फिन, खोल असतात आणि दुसऱ्या कडेला जवळजवळ नसतातच. ती उथळ कड दोन नंबरला पुढे येते आणि तीन नंबरला मागे. एक आणि चारची उथळ कड शेजारच्या सिलिंडरकडे तोंड करून असते, तिथे मोकळी जागा आहे, हवा जाते. पण तीन नंबरच्या मागे बॅफलचा पत्रा असतो. नकाशात दाखवलाय तसा तो सरळ आणून तुम्ही हेडला घट्ट चिकटवलात, हवा गळू नये म्हणून. गळत नाही हे खरं, पण तिथून हवा जातही नाही! हेडच्या त्या भागाला वारा म्हणून नाही. जितकं काम सफाईदार तितकं तीन नंबर गरम.

बॅटरी घ्या, वरून तीन नंबरच्या मागे धरा आणि खालून आरसा लावून बघा. फिनांच्या मुळाशी, हेड जिथे बॅरलला, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्याला, मिळतं तिथे, उजेड खाली येतो का? तुमच्याकडे येणार नाही, पैज लावतो. उपाय चार आण्यांचा आहे. बॅफल जिथे हेडला बोल्टनं कसलाय तिथे मध्ये जाड वॉशर घालून पत्रा पाच-सहा मिलिमीटर मागे सरकवा. किंवा, आणि मला हे जास्त आवडतं, तेवढ्याच भागात पत्र्याला बाहेरच्या बाजूनं पन्हाळीसारखा फुगवटा काढा, वरून उघडा आणि खालून उघडा, म्हणजे हवा उथळ फिनांच्या मागून वाहत खाली जाईल. फुगवटा हेडच्या उंचीपुरताच ठेवा. वरून खालपर्यंत मोठं भगदाड केलंत तर तीच नवी गळती होईल. दोन नंबरच्या पुढेही हेच करा, आज तक्रार नसली तरी.

एवढ्यानं तीन नंबर दहा-पंधरा अंश उतरायला हवं. मी पाहिलेल्या दोन विमानांत उतरलं.

आता उरलेली गळती. वरच्या कप्प्यातून सिलिंडरांना वळसा घालून जी हवा खाली जाते तीच कामाची. फटीतून जाते ती फुकट. बॅफलच्या वरच्या कडेला लावलेली सिलिकॉनची पट्टी काऊलिंगला नीट टेकत नसेल आणि १.२ मीटर लांबीत फक्त ३ मिलिमीटरची फट असेल, तर ती ३६ चौरस सेंटिमीटर झाली. तुमच्या २६० च्या तोंडांतून आलेल्या हवेला एवढी मोठी पळवाट. तुम्हाला तोंड ८० नं वाढवायचंय, त्याच्या जवळजवळ निम्मं इथेच सापडलं.

रात्री शेडमधला दिवा बंद करा, काऊलिंगच्या खालच्या भागात एक प्रखर दिवा ठेवा आणि समोरच्या तोंडांतून आत बघा. फिनांमधून येणारा उजेड चालेल. जिथे सरळ रेघ किंवा ठिपका चमकतो तिथे लाल आरटीव्ही सिलिकॉन, ते सियागंजात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. सिलिंडरांच्या मधोमध खालून जे छोटे वळवलेले पत्रे तारेनं ओढून बसवलेले असतात ते आहेत का, घट्ट आहेत का, हे हात घालून बघा. क्लबमध्ये एका १५२ चं इंजिन ओव्हरहॉलहून आलं आणि उन्हाळाभर तापत राहिलं. सगळ्यांनी कार्ब्युरेटरला शिव्या घातल्या. शेवटी तो मधला पत्रा धुण्याच्या ट्रेच्या तळाशी सापडला. बसवायला विसरलेला माणूस मीच होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

पण दिव्याची परीक्षा जमिनीवरची. हवेत वेगळंच घडतं. चढताना वरच्या कप्प्यात ८० मिलिमीटर पाण्याइतका दाब धरला आणि काऊलिंगच्या वरच्या झाकणाचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर, तर ते झाकण आतून ४० किलोच्या जोरानं वर ढकललं जातंय. पातळ फायबर फुगतं, पट्टी टेकायची सोडते, आणि जमिनीवर उतरलात की सगळं पुन्हा जागच्या जागी! म्हणून झाकण उलटं करून आतून बघा. पट्टी घासल्याची काळी रेघ दिसेल. ती अखंड हवी. जिथे तुटली आहे तिथे उडताना फट पडते. तुमच्या फोटोत उजव्या मागच्या कोपऱ्यात ती चार बोटं गायब आहे, मला स्पष्ट दिसतंय. पट्टी नेहमी दाबाच्या बाजूला, म्हणजे पुढे आणि आत, वळलेली असावी. मग दाबच तिला झाकणावर चेपतो. मागे वळलेली पट्टी दाबानं उघडते. दोन तुकडे जिथे भेटतात तिथे सुरकुती पडते, ती सुरकुती म्हणजे भोकच.

हे झाल्यावर मोजा. कापण्याआधी मोजा, कारण कापल्यावर मोजून फक्त पश्चात्ताप हाती लागतो. महागडं काही नको. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी इंग्रजी यू च्या आकारात फळीवर बसवायची, मागे मिलिमीटरची पट्टी, आत थेंबभर शाई टाकलेलं पाणी. एक टोक वरच्या कप्प्यात, दुसरं खालच्या. टोकांना ॲल्युमिनियमची बारीक नळी, तिचं तोंड बंद करून बाजूला एक-एक मिलिमीटरची पाच-सात भोकं, म्हणजे वाऱ्याचा झोत सरळ आत शिरून खोटा आकडा देणार नाही. प्लॅस्टिकची नळी एग्झॉस्टपासून लांबून न्या आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून, जाताना ते भोक नीट बुजवा. फळी शेजारच्या रिकाम्या सीटला बांधा, समोर मोबाईल लावून चित्रण करा. उडताना नळीकडे बघत बसू नका.

काय दिसायला हवं? वेगाबरोबर येणारा दाब वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मीटरवर ७० नॉट असताना येणाऱ्या हवेत एकूण ८१ मिलिमीटर पाण्याएवढाच दाब असतो. ८५ नॉटला ११९. पंधरा नॉटांत जवळपास दीडपट! त्यामुळे पहिला उपाय कानस-जिगसॉचा नाहीच: चारशे-पाचशे फूट उंची मिळाली की नाक खाली करा आणि ८५ नं चढा. चढण्याचा दर थोडा कमी होईल, हेड मात्र थंड राहतील. लोक हे ऐकतात आणि विसरतात, कारण त्यात बनवायला काही नाही.

मी ज्या विमानाची तोंडं कापली होती त्याला नंतर ही नळी लावली. ८० नॉटला येणारा दाब १०६. त्यातला वरच्या कप्प्यात ७४ पोहोचत होता, म्हणजे वाईट नव्हतं. पण खालच्या कप्प्यातही ३८ होता. सिलिंडरांमधून हवा ढकलणारा फरक उरला ३६. खालचा कप्पा तुंबलेला असताना मी वरून आणखी हवा ओतत होतो, आणि ती तोंडातूनच उलटी फिरून बाहेर सांडत होती. म्हणून वेग गेला.

तुमच्या बाबतीतही माझा संशय खालच्या बाजूवर आहे. तुम्ही लिहिता, बाहेर पडायची जागा २७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे आत येण्यापेक्षा जास्त. कागदावर. त्या जागेतून पाच-पाच सेंटिमीटर व्यासाच्या दोन एग्झॉस्ट नळ्या जातात: ३९ गेले. पुढच्या चाकाचा पाय आणि त्याचा ब्रॅकेट: २५ धरा. ब्रीदरची नळी, ड्रेनच्या नळ्या: १०. राहिले १९५ च्या आसपास. आणि सिलिंडरांमधून आलेली हवा पासष्ट-सत्तर अंशांनी तापलेली असते, म्हणजे वीस टक्क्यांनी फुगलेली. २६० मधून आलेली, फुगलेली हवा १९५ मधून बाहेर काढायची. तिला बाहेर जायची जागाच नाही.

त्यात फायरवॉलचा खालचा कोपरा बघा. हवा फायरवॉलवर आपटून खाली येते आणि पोटाच्या पत्र्याच्या धारदार काटकोनावर वळते. तिथे ती भोवरे घालते आणि आहे त्या जागेतलीही बरीच वाया जाते. पाऊण मिलिमीटरचा पत्रा घेऊन सहा-सात सेंटिमीटर त्रिज्येची गोलाई बनवा, फायरवॉलच्या खालच्या भागापासून पोटापर्यंत, पन्हाळीचा अर्धा भाग असावा तशी. एग्झॉस्टच्या जवळ असल्यानं तो पत्रा स्टेनलेसचा घेतलात तर उत्तम. ही एकच गोष्ट करून मी फरक ३६ वरून ४७ वर गेलेला पाहिलाय, काहीही न कापता.

मग बाहेर पडायची जागा वाढवा. काऊलिंगच्या खालच्या मागच्या कडेला, आधी तात्पुरती म्हणून, तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंद ॲल्युमिनियमची पट्टी साधारण तीस अंश खाली वाकवून रिव्हेट करा. ओठासारखी. तिच्या मागे कमी दाब तयार होतो आणि तो हवा ओढून घेतो. थोडा वेग खाते, पण काम करते, आणि नको वाटली तर काढता येते. फरक पडला तर मग फायबरमध्ये कायमचं रूप द्या, किंवा उघडझाप होणारी फ्लॅप बसवा: चढताना उघडी, सरळ उडताना बंद. फ्लॅपला केबल, स्प्रिंग, बिजागरी सगळं आलं आणि त्यातलं काहीतरी कधीतरी अडकणारच. दोन आसनी साध्या विमानाला मी ओठावरच थांबेन. पोटाला लुव्हर, म्हणजे हवा सोडणाऱ्या झापांच्या फटी, कापायचा मोहही आवरा. ते चुकीच्या जागी पडले तर तिथला दाब बाहेरून जास्त असतो आणि हवा उलटी आत येते.

बाहेरची जागा बदलली की एक तपासणी टाळू नका. आता गरम हवा आणि एग्झॉस्टचा धूर पोटाखाली वेगळ्या वाटेनं जाणार. केबिनमध्ये हवा घेणारं छिद्र किंवा फायरवॉलमधलं एखादं न बुजवलेलं भोक त्या वाटेत आलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नाही. कार्बन मोनॉक्साइडचा इलेक्ट्रॉनिक अलार्म लावूनच पहिलं उड्डाण करा. रंग बदलणारं कार्ड स्वस्त असतं, पण उडताना त्याच्याकडे बघायचं भान राहत नाही.

समोरच्या तोंडांबद्दल इतकं सांगतो: आकार वाढवू नका, ओठ सुधारा. तुमच्या फोटोत तोंडाची आतली कड पत्र्यासारखी धारदार आहे. चढताना नाक वर असतं, हवा तिरकी येते आणि त्या धारेवरून सुटते. कड एक सेंटिमीटर त्रिज्येनं गोल करा, आतून फोम आणि फायबर भरून. आणि तोंडातून आत गेल्यावर वरचं छत एकदम उंच होत असेल तर हळूहळू उंच होणारा उतार द्या. वेग एकदम कमी झाला की दाब तयार व्हायच्या ऐवजी भोवरे तयार होतात.

उघडं इंजिन जास्त थंड राहतं, ही समजूत जुनी आहे. १९२८ मध्ये अमेरिकेत लँग्लीच्या प्रयोगशाळेत फ्रेड वाइक यांच्या गटानं कर्टिस हॉक विमानाच्या उघड्या रेडियल इंजिनाभोवती पूर्ण काऊलिंग चढवलं आणि वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ वर गेला. इंजिन झाकूनही. त्या कामाला १९२९ ची कॉलियर ट्रॉफी मिळाली. तिथेही गोम हीच होती की हवा किती आत घेतली यापेक्षा ती आत कुठून नेली आणि कशी बाहेर काढली.

आता फायबरच्या कामाबद्दल, कारण तुम्ही ते सांवेर रोडला एका एफआरपीवाल्याकडे द्यायचं म्हणताय. टाक्या आणि कूलरच्या बॉड्या बनवणारे हे लोक हाताचे पक्के असतात, पण त्यांचं साहित्य वेगळं. साधं पॉलिएस्टर रेझिन आणि तुकड्या-तुकड्यांची मॅट. जड होतं, आणि एग्झॉस्टच्या जवळ मऊ पडतं. माझ्या एका ओळखीच्या विमानाची हनुवटी, म्हणजे काऊलिंगचा खालचा भाग, अशा कामानं दोन महिन्यांत लोंबली, पुढच्या चाकाच्या पायाला टेकेपर्यंत. बनवणाऱ्याचा दोष नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की आत काय असतं.

विणलेलं काचकापड आणि इपॉक्सी घ्या. तुमचं मूळ काऊलिंग पॉलिएस्टरचं असलं तरी चालेल: पॉलिएस्टरवर इपॉक्सी धरतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. जोडाच्या जागी रंग आणि जेलकोट पूर्ण काढा, कड एकदम न कापता लांब उतार देत पॉलिश पेपरनं घासा, जाडीच्या दहा-बारा पट तरी. चमक उरली तर तिथे जोड सुटणार. साच्यासाठी थर्माकोल उत्तम, आणि तो गरम तारेनं कापायला गणपतीची मखरं करणारा कारागीर गाठा. लोकमान्य नगरच्या बाजूचा एक जण माझ्या काऊलिंगच्या ओठाचा आकार दहा मिनिटांत कापून मोकळा झाला होता, मी कार्डबोर्डचा नमुना दिला एवढंच. फक्त थर्माकोलवर पॉलिएस्टर ओतू नका, तो विरघळून जातो. इपॉक्सीनं काही होत नाही.

आणि इपॉक्सी साध्या तापमानाला वाळवून सोडलं तर तेही साठ-सत्तर अंशांना नरमतं. म्हणून नंतर भाजावं लागतं. ताडपत्रीचा तंबू, आत खोलीतला हीटर, थर्मामीटर, आणि रेझिनच्या कागदावर लिहिलंय तितके तास तितक्या तापमानाला. काऊलिंग त्या वेळी विमानावरच बसवलेलं असू द्या, म्हणजे आकार वाकडा होणार नाही. एग्झॉस्ट जिथे पाच सेंटिमीटरच्या आत येतो तिथे आतून सिरॅमिकचं कापड आणि वर स्टेनलेसचा पातळ पत्रा, मध्ये हवेची फट ठेवून. नुसता चंदेरी चिकट कागद लावणं म्हणजे मनाचं समाधान.

वजन करा. नवं काम सव्वा किलो जड झालं आणि ते गुरुत्वमध्याच्या १.१ मीटर पुढे असलं, तर ५०० किलोच्या विमानाचा मध्य अडीच-तीन मिलिमीटर पुढे सरकतो. घाबरण्यासारखं नाही, पण वजन-तोलाच्या कागदावर आलं पाहिजे. बदलाची नोंद लॉगबुकात करा आणि परमिटच्या अटींनुसार डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याला, कळवून मान्यता आल्यावरच उडा. आधी उडून मग कळवणं आपल्याकडे अंगावर येतं.

उड्डाणाची परीक्षा एका वेळी एका बदलाची. तीन गोष्टी एकदम केल्या आणि तापमान उतरलं तर कशानं उतरलं हे आयुष्यात कळणार नाही. सकाळी लवकर, त्याच वजनाला, त्याच वेगानं चढायचं, आणि बाहेरचं तापमान लिहायचं. नंतर सगळे आकडे ४२ अंशांच्या दुपारीवर आणा, अंशाला अंश मिळवून. लायकमिंगची लाल रेघ २६० अंशांची आहे, पण तिच्याकडे बघून उडू नका. इंजिन टिकावं म्हणून कंपनीचाच सल्ला जोरात उडताना २२४ च्या आणि आरामात उडताना २०५ च्या खाली ठेवायचा आहे. तुम्ही परीक्षेत २२५ ला नाक खाली करा, थ्रॉटल एकदम न ओढता. तेलाची लाल रेघ ११८, तुमचं ११२ आहे, तेव्हा मे महिन्यात त्याचाही प्रश्न येणार. पण तेलाचा कूलर चार नंबरच्या मागच्या बॅफलवरच असेल तर वर सांगितलेली गळती बंद केली की त्यालाही जास्त दाब मिळतो. आत्ताच मोठा कूलर मागवू नका.

तीन नंबरचा फुगवटा, सिलिकॉनची पट्टी आणि फायरवॉलची गोलाई, एवढं झालं की नळीचे आकडे पाठवा: ८० नॉटला दोन कप्प्यांतला फरक, चारही हेड आणि बाहेरचं तापमान. फरक ६० च्या वर गेला असेल तर खालच्या मागच्या कडेच्या ओठाचीही गरज पडणार नाही. तोपर्यंत जिगसॉ शेजाऱ्याला वापरायला द्या.